ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या लेकरांची शाळा: गावातल्या तरुणांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

दिवाळी उलटली की बीड, जालना, धाराशिवकडच्या तालुक्यांतून एक फोटो हमखास फिरायला लागतो. चार-पाच तरुण, हातात निवेदन, समोर गटशिक्षणाधिकारी नाहीतर तहसीलदार. मागणी रास्त असते: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेले की मागं राहणाऱ्या लेकरांच्या जेवणा-राहण्याची गावातच सोय) सुरू करा. पण तोवर निम्म्या टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात पोचलेल्या असतात, लेकरं आईबापासोबत कोपीत (तळावरच्या झोपडीत) असतात आणि कार्यालयात उत्तर तयार असतं की प्रस्ताव वेळेत आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोटो.

पोरांची तळमळ खरी असते, क्रम मात्र उलटा असतो. आधी निवेदन, मग बैठक, मग कधीतरी यादी. खरं तर यादी आधी, घरं त्यानंतर, मग ठराव, मग प्रस्ताव, आणि गरज पडली तरच निवेदन. शिवाय हे सगळं शाळेच्या नाही, उसाच्या वेळापत्रकावर बसवावं लागतं. दसऱ्यानंतर गाड्या भरतात, म्हणजे कागदाचं काम गणपतीच्या आत संपायला हवं. खालचे टप्पे त्या हिशेबानं मांडलेत.

## टप्पा १: गट बांधा (जून)

पाच ते सात जण पुरतात. अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करणारे, तालुक्याला कॉलेजला जाणारे, गावात शेती बघणारे, कुणीही चालेल. दोन अटी मात्र सोडू नका. गटात स्वतः ऊसतोडीला जाऊन आलेलं किंवा ज्याचं बालपण फडात गेलंय असं एक तरी माणूस हवं. आणि दोन तरी मुली किंवा सुना हव्यात. लेकीला घरी ठेवायचं की न्यायचं हा निर्णय ओट्यावर होत नाही, चुलीपाशी होतो, आणि तिथं पुरुषांना कुणी बसवत नाही. गावाला तांडा किंवा लांबची वस्ती असेल तर तिथला माणूस पहिल्या दिवसापासून घ्या, नंतर "तुम्हालाही घेऊ" म्हणू नका.

कामं तीन ठिकाणी वाटा: यादी कुणाकडे, कागद कुणाकडे, घरं कुणाकडे. कागद ज्याच्याकडे तो तालुक्याला नेहमी येणारा-जाणारा असावा.

संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. अध्यक्ष कोण, सचिव कोण, यातच दोन महिने जातात. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा ही दोन अधिकृत माध्यमं गावात आधीच आहेत, त्यांच्यामार्फत काम करायचं. वर्गणीही गोळा करू नका. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेबावरून गावात किती मैत्र्या तुटल्या ते तुम्हाला माहीतच आहे.

सावध: येत्या निवडणुकीत उभं राहायची तयारी करणारा माणूस गटाचा चेहरा नको. मदत करू द्या, पण तो पुढं आला की दुसऱ्या पार्टीची घरं दार उघडत नाहीत.

## टप्पा २: यादी (जुलै ते ऑगस्टचा पहिला आठवडा)

बहुतेक गट इथंच घसरतात. शाळेतून पट मागतात, त्यातून "ऊसतोड" म्हणून माहीत असलेली नावं उतरवतात आणि झाली यादी. अशा यादीत जी लेकरं पटावरच नाहीत ती येत नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनेची पहिलीच उचल (मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी घेतलेले पैसे) असेल तर तिचं लेकरू येत नाही. मागच्या वर्षी गेले पण यंदा जाणार नाहीत, असे मात्र येतात. पुढं तपासणीला अधिकारी आले की संख्या जुळत नाही, आणि मग खरी लेकरंही संशयात सापडतात.

म्हणून घरोघर जा. वही आडवी धरून रकाने आखा: लेकराचं वय आणि इयत्ता, आई-वडील दोघं जाणार की एकच (दोघं म्हणजे एक कोयता, एकच म्हणजे अर्धा कोयता), मुकादम कुठला, मागच्या वर्षी कुठल्या जिल्ह्यात होते, बैलगाडी की ट्रॅक्टरची टोळी, मागच्या हंगामात लेकरू कुठं होतं, घरी मागं कोण राहणार, आणि त्या माणसाची तब्येत कशी आहे.

शेवटचा रकाना सगळे वगळतात. नीट भरलेली एक ओळ कशी दिसते पाहा:

*मुलगी, चौथी. आई-वडील एक कोयता. ट्रॅक्टरची टोळी, मागच्या वर्षी सांगली जिल्ह्यात. घरी आजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चुलीपुढं बसत नाही. भाऊ दीड वर्षाचा, आईसोबत जाणार. मागच्या हंगामात मुलगी सोबत गेली होती, शाळेत मात्र हजेरी लागत होती.*

एवढ्या ओळीत सगळं आलं. आजी आहे म्हणून लेकरू राहू शकतं. आजी स्वयंपाक करत नाही म्हणून दोन वेळच्या जेवणाची सोय लागते. आणि आई मुलीला नेते ती दीड वर्षाच्या भावाला सांभाळायला. घरी बोलायला जाल तेव्हा याच ओळीवरून बोलणं सुरू करायचंय.

हजेरीचा मुद्दा नाजूक आहे. लेकरू फडात आणि हजेरीपटावर "उपस्थित" असं असेल तर ते लेकरू कागदावर शाळाबाह्य ठरतच नाही. आपल्या राज्यात सलग एका महिन्याहून अधिक गैरहजर असलेलं लेकरू शाळाबाह्य धरतात, आणि त्याच्यासाठीची मदत त्या नोंदीवरूनच सुरू होते. तरी पहिल्याच भेटीत गुरुजींवर आरोप करू नका. पट कमी झाला तर शिक्षकाची जागा जाते, ही त्यांच्या डोक्यावरची तलवार आहे. यंदाची हजेरी खरी लावू, आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहू, एवढं ठरवून घ्या.

तीन ते सहा वर्षांची लेकरं वेगळ्या पानावर लिहून अंगणवाडीताईंना द्या. स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद त्यांच्याकडून झाली तर तिकडच्या अंगणवाडीत आहार मिळायला सोपं जातं. चौदाच्या वरची मुलं-मुलीही वेगळ्या पानावर.

तपासा: यादीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची तारखेसह सही घ्या. सही नसेल तर ती फक्त तुमची वही आहे.

सावध: यादीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुठल्या घरात म्हातारी आणि पोरगी एकट्याच राहणार आहेत, हे त्या यादीत लिहिलेलं आहे.

## टप्पा ३: घरी बोलणं (ऑगस्ट)

संध्याकाळी सातनंतर जा, भाकरीच्या वेळी. दिवसा माणसं खुरपणीला असतात, घरी भेटतं ते लेकरू. आणि जेवढ्या लवकर जाल तेवढं बरं. पावसाळ्यात शाळेचा, बी-बियाण्याचा, दवाखान्याचा खर्च निघतो तेव्हा उचल घेतली जाते, आणि सोबत कोण येणार हे त्याच वेळी मनात पक्कं होतं. एकदा "पोरगीपण येईल" असं मुकादमाला सांगून झालं की आईबापाला मागं फिरणं अवघड.

शिक्षणाचं महत्त्व सांगू नका. ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. लेकराला का नेता, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक निघतं. धाकटं सांभाळायला कुणी नाही. मागं जेवू कोण घालणार. आणि मुलगी दहा-अकराच्या पुढची असेल तर "तिला एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

पहिल्याला उत्तर अंगणवाडी, किंवा टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईला लेकरं सांभाळायला ठेवणं. काही टोळ्यांत तसं चालतं, त्यासाठी मुकादमाशी आधी बोलावं लागतं. दुसऱ्याला उत्तर हंगामी वसतिगृह. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर चालत नाही. मुलगी रात्री कुठं झोपणार, तिच्यासोबत कोण बाई असणार, कडी आतून लागते का, संडास कुठं आहे, हे आईला सांगता आलं पाहिजे, जमलं तर तिला नेऊन दाखवलं पाहिजे. तुमच्याकडे उत्तर तयार नसेल तर "ठेवा, आम्ही बघतो" असं म्हणू नका. काही कमी-जास्त झालं तर ते एकच घर नाही, सगळी वस्ती तुमच्यापासून तुटेल.

बोलणं झाल्यावर प्रत्येक नावापुढं एक खूण करा: राहणार, जाणार, ठरलं नाही. "ठरलं नाही" वाल्यांकडे पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं. "जाणार" म्हणणाऱ्यांना सोडून देऊ नका, त्यांचं काम टप्पा ६ मध्ये आहे.

मुकादमाशी उचलीवरून भांडण काढू नका. तो लढा मोठा आहे आणि त्याला कामगार संघटना आहेत. तुम्ही मुकादमाकडून दोनच गोष्टी घ्या: टोळी कुठल्या कारखान्याला जातेय, आणि लेकरांना मोळ्या बांधायला लावणार नाही हा शब्द. चौदा वर्षांखालच्या लेकराला मजुरीला लावणं कायद्यानं बंद आहे हे त्यालाही माहीत असतं, पण चारचौघांत बोललं की फरक पडतो.

चौदाच्या वरच्या मुलींचं पान उघडं ठेवा. हंगामाच्या तोंडावर "जोडी" झाली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते, म्हणून अठराच्या आत लग्नं उरकली जातात. कुणकुण लागली तर ग्रामसेवकांना कळवा, गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. किंवा १०९८ वर फोन करा. तुमचं नाव सांगावं लागत नाही.

## टप्पा ४: ठराव (१५ ऑगस्टच्या आसपास)

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. समितीची सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी. बऱ्याच गावांत ती वहीत होते. तुमच्या गटातलं कुणी पालक असेल तर त्याच्यामार्फत, नसेल तर एखाद्या सदस्य-पालकाला सोबत घेऊन, सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घ्यायला लावा. "आयत्या वेळचे विषय" यात ढकलू देऊ नका.

ठराव कसा नसावा: "ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी वसतिगृह सुरू करावे असे सर्वानुमते ठरले." या ओळीवर कुठलंही कार्यालय काहीच करू शकत नाही. ठरावात आकडा, तारीख, जागा आणि जबाबदारी हवी. उदाहरणार्थ:

*"सोबत जोडलेल्या यादीतील २७ विद्यार्थ्यांचे (मुली १५, मुले १२) पालक ऑक्टोबरअखेर ऊसतोडीसाठी स्थलांतरित होणार आहेत. सदर विद्यार्थी गावातच राहून शिकावेत यासाठी हंगामी वसतिगृह सुरू करण्याचा प्रस्ताव दि. ३१ ऑगस्टपूर्वी सादर करावा. भोजनासाठी शाळेची जुनी खोली वापरावी. मुलींच्या मुक्कामाच्या सोयीवर समितीच्या दोन महिला सदस्य लक्ष ठेवतील."*

आकडे अर्थात तुमच्या यादीतले.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच विषय पुन्हा घ्या, आणि त्याआधीच्या महिला सभेतही. महिला सभेत तो उचलला गेला तर ग्रामसभेत सरपंचाला तो विषय बाजूला सारणं जड जातं. त्याच सभेत ग्रामसेवकांकडून ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांची स्थिती विचारून घ्या. कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ते कार्ड लागतं आणि कित्येकांनी फॉर्म भरूनही ते हातात आलेलं नसतं.

तपासा: ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घेतली का? वहीचा मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे नक्कल नव्हे.

## टप्पा ५: प्रस्ताव आणि पाठपुरावा (ऑगस्टअखेर ते सप्टेंबर)

प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीनं जातो, तुमच्या नाही. वाट ठरलेली: शाळा, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तुमचं काम तो प्रत्येक टेबलावर अडकतो कुठं ते पाहणं.

तीन प्रती करा. एक कार्यालयात, एक शाळेत, एक गटाकडे. गटाच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हटलं की ठेवून येऊ नका, आवक-जावक टेबल साहेबांवाचून चालतं. पुढं दर आठवड्याला एकानं जाऊन क्रमांक सांगून चौकशी करायची. प्रत्येक वेळी दुसरा माणूस गेला तर प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

उत्तर आलं नाही तर चढ अशी ठेवा: पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, "अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावर आजवर झालेली कार्यवाही" एवढंच विचारणारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच्याही पुढं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, म्हणजे हंगाम अर्धा जातो. म्हणूनच प्रस्ताव ऑगस्टात.

पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकणारे गट असतात. रुबाब वाटतो, पण ज्या कारकुनाकडून पुढचे सहा महिने काम करून घ्यायचंय तो पहिल्याच आठवड्यात तोंड फिरवतो. मोर्चा-उपोषण नकोच असं नाही, पण हातात आवक क्रमांक असलेला मोर्चा आणि नुसत्या घोषणांचा मोर्चा यांना कार्यालयात वेगवेगळी वागणूक मिळते.

मोठ्या मुला-मुलींसाठी वेगळं दार आहे. समाजकल्याण खात्याच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशा ८२ वसतिगृहांचा निर्णय २०२१ मध्ये झाला. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, जागा आहे का, इमारत कशी आहे, हे प्रत्यक्ष जाऊन बघा आणि मगच घरी सांगा.

## टप्पा ६: जी जाणारच आहेत त्यांच्यासाठी (दसरा ते गाडी भरेपर्यंत)

सगळ्यात मोठी चूक इथली: आईबाप शाळेत येऊन दाखला काढून नेतात. तो फडात हरवतो, इथलं नाव कमी होतं, तिथं लागत नाही, आणि लेकरू दोन्हीकडून सुटतं. हंगामापुरतं जाणाऱ्यांनी दाखला काढायचा नाही, शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्यायचं. नाव इथंच राहतं, लेकरू तिथल्या शाळेत बसतं, परत येताना तिथली हजेरी घेऊन येतं.

प्लास्टिकच्या एका पिशवीत हे घालून द्या: हमी पत्रक, आधारची झेरॉक्स, विद्यार्थ्याचा शाळेचा आयडी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, लसीकरण कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि गटातल्या दोघांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात. रेशन तिकडच्या दुकानातूनही अंगठा लावून मिळतं. मात्र आधार जोडलेलं आहे का ते निघण्याआधी इथल्या दुकानदाराकडे तपासा.

यादीतला बैलगाडी-ट्रॅक्टरचा रकाना आता कामाला येतो. बैलगाडीवाले शक्यतो कारखान्याजवळच्या तळावर असतात, त्यांच्यासाठी साखर शाळा (तळावरच्या लेकरांसाठीची हंगामी शाळा) असेल तर ती शोधा. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव फिरतात, त्यांना जवळची जिल्हा परिषद शाळाच उपयोगी. टोळीची जागा कळली की तिथल्या मुख्याध्यापकांना आपल्या मुख्याध्यापकांनी फोन करावा. तुमच्या दहा फोनपेक्षा गुरुजींचा एक फोन लवकर काम करतो.

तिथं अडवलं तर पालकानं काय म्हणायचं ते आधीच पाठ करून घ्या: दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही (कलम ५), जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४), वर्ष मध्यावर आलंय म्हणूनही नाही (कलम १५). स्थलांतरित कुटुंबातल्या लेकरांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे (कलम ९). कायदा देशभर एकच, त्यामुळे बेळगाव-बागलकोटकडे जाणाऱ्यांनाही तो लागू. फक्त सीमेपासून आत गेलं की मराठी शाळा मिळेलच असं नाही. तिकडे जाणाऱ्या लेकरांना मागं ठेवण्यासाठी जास्त जोर लावा.

हीच कलमं उलट्या दिशेनंही चालतात. वाळूजच्या कारखान्यांत नाहीतर गावाजवळच्या वीटभट्टीवर परप्रांतातून आलेल्या मजुरांची लेकरं दिसली तर त्यांनाही आपल्या शाळेत बसवता येतं. "त्यांचं काय करायचं" असं शाळेत कुणी म्हणालं, तर आपली लेकरं सांगलीत काय ऐकतात ते आठवून द्या.

## टप्पा ७: हंगामात

वसतिगृह मंजूर झालं की गट सुटल्यासारखा वागतो. अनुदान उशिरा येतं, किराणावाला उधारी बंद करतो आणि जानेवारीत वरणातलं पाणी वाढतं. त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्या बायकांशी आणि किराणावाल्याशी सुरुवातीलाच समितीनं बोलून ठेवावं, बिलं महिन्याच्या महिन्याला फाईलला लावावीत.

गटानं रोज एकानं संध्याकाळच्या जेवणाला हजर राहायचं. जेवणारी लेकरं मोजून वहीत लिहायची, यादीतली तेवढीच. आकडा फुगवायची विनंती येईल, कधी गोड बोलून, कधी दम देऊन. नाही म्हणा. गावोगावच्या खोट्या पटामुळेच खऱ्या लेकरांच्या मंजुऱ्या अडकतात.

रविवारी आईबापाशी व्हिडिओ कॉल लावून द्या. तिसरी-चौथीतलं लेकरू पहिल्या पंधरा दिवसांत "मला आईकडं जायचं" म्हणून रडतं आणि मामा-काका त्याला गाडीत बसवून देतात. तेवढे दिवस निभावले की सहसा टिकतं.

आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आणि दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा ऐन हंगामात येते. फॉर्म भरायच्या तारखा गुरुजींकडून आधीच लिहून घ्या, उत्पन्नाचा दाखला आईबाप निघायच्या आधी काढा. नंतर सहीला कुणी नसतं.

## टप्पा ८: पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर (मार्च-एप्रिल)

टोळ्या परतल्या की आठवड्याच्या आत यादी पुन्हा उघडा. प्रत्येक नावापुढं: आलं का, हमी पत्रकावर तिथली हजेरी लागली का, वार्षिक परीक्षेला बसणार का. पाचवी आणि आठवीकडे आधी बघा. या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नापास झालं तर पुनर्परीक्षेची संधी असते. ती तारीख घरापर्यंत पोचत नाही आणि लेकरू त्याच वर्गात राहतं. जे मागं पडलंय त्याला वयानुसारच्या वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देणं हे शाळेवर बंधनकारक आहे (कलम ४). ते लेखी मागा.

दहावीतून सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म असतो. ती नावं चौदाच्या वरच्या पानावरून काढा आणि फॉर्म सुटल्याची तारीख गटातल्या एकानं अंगावर घ्यायची.

जुनी वही फेकू नका. जूनमध्ये नवी यादी करताना मागच्या वर्षीचा "मागच्या हंगामात कुठं होतं" हा रकाना त्याच वहीतून भरायचा आहे, कुणाच्या आठवणीतून नाही.